तिसरा नंबर

नंबराच्या चिठ्ठ्या काल निघाल्या. पोरं उद्या निवडायची,
सकाळी दहाला, रेल्वेच्या हॉलमध्ये.
आठ संघ, चाळीस पोरं,
आमचा तिसरा नंबर.

रात्री आम्ही इनूसभाईंच्या कारखान्यात बसलो,
भोपळ्यांच्या मधोमध.
काही छताला टांगलेले, काही भिंतीशी रचलेले,
एकाला नुकताच गळा बसवलेला,
आणि लाकडाचा भुसा चहाच्या कपात.

सुकुमार मगदूम म्हणाला, स्ट्रायकर.
दुसरं काही म्हणायला तो आलाच नव्हता.
नऊ सामन्यांत सहा गोल, सांगताना लाज वाटते राव.
तो कवठेपिरानचा पोरगा बघा,
उसाच्या ट्रॉलीमागं पळून पळून तयार झालाय,
तो आला तर अर्धी मिरज वर्गणी देईल.

स्टॅन्ली मिशन हॉस्पिटलात एक्स-रे काढतो.
एके काळी आमच्या गोलात उभा असायचा,
त्याची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.
त्या बोटांनीच त्यानं बशी बाजूला सारली:
गोलकीपर घ्या.
गोल न करता माणूस बरोबरीत सुटतो,
खाऊन नाही सुटत.

वही माझ्याकडं होती.
दिवसभर दूध सोसायटीत लिहितो तसंच इथंही लिहितो,
आलं किती, गेलं किती.
खाल्लेले गोल सतरा.
प्रत्येकापुढं मी बारीक खूण केलेली, कुठल्या अंगानं आला त्याची.
अकरा खुणा डावीकडं.
हे पान मी कुणाला दाखवलं नव्हतं,
कारण डावीकडं खेळणारा पोरगा
किटली घेऊन आमच्यातच फिरत होता.
माझ्या बहिणीचा शीतल.

इनूसभाई फुटबॉलचं काही बोलत नव्हते.
एक भोपळा मांडीवर घेऊन
बोटानं टकटक, जरा फिरवून पुन्हा टकटक.
"वरनं ऐटीत आहे बघा. पण इथं,
इथं बद्द वाजतोय.
वर भारी तारा लावून काय करू?"
सुकुमार म्हणाला, तारांचं राहू द्या भाई, स्ट्रायकरचं बोला.

मागं यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत गेले,
शेवटच्या डब्यापर्यंत आवाज पोचेतो कुणी बोललं नाही.

शीतलनं माझ्या कपात चहा ओतला. थोडा बशीत गेला.
"डावा बॅक घ्या, मामा."

स्टॅन्लीनं उगीच घसा साफ केला.
सुकुमारनं मोबाइल काढून बंद पडद्याकडं पाहिलं.
मी म्हणालो, अरे तू लहान आहेस, शिकशील.
तीन वर्षं हेच म्हणत आलो होतो.

"सगळे गोल माझ्याकडनंच येत्यात,
मला काय कळत नाही व्हय?"
आणि मग, किटलीचं झाकण लावत,
"मी उजव्या पायाचा हाय.
त्या वर्षी दादू आजारी पडला,
तुम्ही म्हणालात, आजच्या दिवस तिकडं उभा राहा."

आजच्या दिवस.
मी वही मागं मागं चाळत गेलो.
सापडला तो सामना, शून्य-शून्य,
आणि त्याच्या नावापुढं माझंच अक्षर, पेन्सिलीनं:
तात्पुरता.

सकाळी पहिल्या संघानं गोलकीपर उचलला,
दुसऱ्यानं कुणाचा तरी भाचा.
कवठेपिरानचा पोरगा अजून शिल्लक होता.
सुकुमारचं कोपर माझ्या बरगडीत,
त्याचा श्वास माझ्या कानाशी, घे की, घे की लेका.
मी उभा राहिलो आणि नाव घेतलं
बेडगच्या एका वेल्डिंगवाल्या पोराचं,
ज्याला त्या हॉलमध्ये पाच माणसंही ओळखत नव्हती.
डावा बॅक, मी म्हणालो.
मागं कुणीतरी हसलं. मग बरेच हसले.

सुकुमार माझ्या स्कूटरवर आला नाही, रिक्षानं गेला.
शीतल शेवटच्या रांगेत होता.
टाळी वगैरे नाही वाजवली त्यानं.
वाकून उजव्या बुटाची नाडी सोडली,
आणि पुन्हा, सावकाश, पहिल्या छिद्रापासून ओवायला घेतली.